विषय क्रमांक सात आणि विषय क्रमांक अकरा: एका सहकारी बँकेतल्या ताणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यातली ही नागरी सहकारी बँक. बँक, गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि कारणं तशीच ठेवली आहेत. शाखा वीसच्या आत, सेवक दोनशेच्या आसपास, त्यांत साधारण एक तृतीयांश स्त्रिया. मला बाहेरून, सल्लागार म्हणून बोलावलं होतं. त्यामुळे संचालक मंडळाची टिपणं, रजेच्या नोंदवह्या आणि टपरीवरचं बोलणं या तिन्हीपर्यंत पोचता आलं.

कुठल्याही परिपत्रकात लिहिलेली नसली तरी बँकेत कामाची वाटणी पक्की होती. कॅश काउंटर, ठेवी, केवायसी, सोनेतारणाची कागदपत्रं बायकांकडे. कर्ज आणि वसुली पुरुषांकडे. कारण विचारलं की दोन उत्तरं तयार असत. एक, बाईमाणसाला थकबाकीदाराच्या दारात कसं पाठवायचं? दोन, पुरुष काउंटरवर टिकत नाहीत, गिऱ्हाइकाशी भांडतात. दुसरं उत्तर हसत हसत दिलं जाई, पण नेमणुका त्यावरच होत. बढतीच्या मुलाखतीत मात्र विचारलं जाई ते कर्जप्रस्ताव, एनपीए (थकीत, अनुत्पादक कर्जखाती) आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यांबद्दल. काउंटरवर पंधरा वर्षं काढलेल्या बाईला या प्रश्नांची उत्तरं यायची कुठून? सगळ्या बँकेत मिळून एकच स्त्री शाखाधिकारी होती. तिच्याविषयी पुढे येईलच.

वसुलीचं काम लहान गावात वेगळंच असतं. थकबाकीदार अनोळखी नसतो. तो भावकीतला असतो, वर्गमित्र असतो, बायकोच्या माहेरचा असतो. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीएत जातं, हे माप मुंबईतल्या मोठ्या बँकेला आणि या बँकेला सारखंच. पण इथे नोटीस घेऊन जाणाऱ्याला पुढच्या महिन्यात त्याच घरच्या लग्नाची पत्रिका यायची असते. नोटिशीनंतर बहुधा ती येत नाही.

समस्या कशी पुढे आली

त्या वर्षीची मार्चअखेर उरकली आणि एका मोठ्या शाखेतल्या तीन महिला लिपिकांनी पाठोपाठ राजीनामे दिले. कारणाच्या रकान्यात तिघींनी ‘कौटुंबिक’ असं लिहिलं. प्रशासन विभागाने रजा तपासल्या तेव्हा महिला सेवकांच्या आजारपणाच्या रजाही वाढलेल्या दिसल्या. मंडळाच्या सभेपुढे विषय क्रमांक सात आला: महिला सेवकांमधील वाढता ताण व उपाययोजना.

त्याच सभेत विषय क्रमांक अकरा होता. वसुली विभागातले पंचेचाळिशीचे एक अधिकारी थकबाकीदाराशी वाद घालून शाखेत परतले आणि खुर्चीतच कोसळले. हृदयविकाराचा झटका होता; वेळेवर दवाखाना गाठला म्हणून वाचले. सभेपुढे त्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या मंजुरीचा प्रस्ताव होता. बीपी होतंच, त्यात तंबाखू, पथ्य कधी पाळलं नाही, अशी थोडी चर्चा झाली. मंजुरी मिळाली आणि विषय संपला.

मधले तीन विषय जनरेटर, एका शाखेचं स्थलांतर आणि वार्षिक सभेचं जेवण असे होते. सात आणि अकरा यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं सभेत कोणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या मते या प्रकरणातली खरी गाठ तिथेच होती. बायका दमल्या तर तो ताण. पुरुष कोसळला तर ती त्याची प्रकृती.

पहिली पाहणी

मंडळाने पाहणी करायला सांगितलं. जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची ताणमापन प्रश्नावली मराठीत घेतली गेली. गेल्या महिन्याभरात किती वेळा अस्वस्थ वाटलं, महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असं किती वेळा वाटलं, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, बेरीज चाळीसपर्यंत. निकाल सगळ्यांच्या अपेक्षेसारखाच आला. स्त्रियांची सरासरी पुरुषांपेक्षा बरीच वर, आणि सगळ्यात खाली वसुली विभाग. म्हणजे कागदावर बँकेतली सर्वांत निवांत माणसं ती, ज्यांच्यातला एक नुकताच अतिदक्षता विभागातून बाहेर आला होता.

भरलेले कागद मी मागवून घेतले. वर नाव, सेवक क्रमांक, शाखा लिहायची होती आणि कागद शाखाधिकाऱ्यामार्फत जमा करायचे होते. वसुलीतल्या कित्येकांनी वरपासून खालपर्यंत एका रेघेत ‘कधीच नाही’ला खूण केली होती. या प्रश्नावलीत चार प्रश्न उलट्या बाजूने विचारलेले असतात: सगळं आपल्या मनासारखं चाललं आहे असं किती वेळा वाटलं, वगैरे. त्यालाही ‘कधीच नाही’. ना ताण, ना समाधान. प्रश्न वाचलाच नव्हता, किंवा वाचून साहेबांपुढे काय लिहायचं ते आधीच ठरलं होतं.

स्त्रियांनी मात्र मनापासून उत्तरं लिहिली होती. काहींनी तर समासातही मजकूर लिहिला होता. त्यांचे आकडे खोटे होते असं नाही. पण दोन गटांची तुलना करताना एक गट बोलतो आहे आणि दुसरा तोंड मिटून बसला आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

नोंदवह्या काय म्हणत होत्या

म्हणून पुढचे काही आठवडे नोंदवह्यांत गेले: रजा, वैद्यकीय बिलं, कॅश कमी आल्याच्या नोंदी आणि संगणक प्रणालीतल्या लॉग-आउटच्या वेळा.

बायकांच्या रजा तुटक होत्या. आज अर्धा दिवस, परवा एक. मुलाचा ताप, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, शाळेतली पालकसभा. किरकोळ रजा संपली की त्याच कारणांसाठी आजारपणाची रजा टाकली जाई. ‘महिलांचं आजारपण वाढलं’ हा निष्कर्ष त्यामुळे अर्धाच खरा होता. घरादाराची आजारपणं त्यांच्या खात्यावर पडत होती. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, करणाऱ्या पुरुषांचा ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांचीही नऊ वाचली! हा आकडा मंडळापुढे ठेवला तेव्हा एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, आमच्याकडे तर ८८ सुद्धा होत नाहीत. सभेत हशा पिकला, पण मुद्दा पोचला.

पुरुषांच्या रजेची पानं जवळजवळ कोरी. साठलेली रजा विकून पैसे घ्यायचे, हीच रीत. आणि मग कोऱ्या पानांनंतर एकदम एक लांबलचक वैद्यकीय रजा: मणका, मोटारसायकलचा अपघात, अँजिओप्लास्टी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेला हिशेब इथे जुळत होता. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात अशा लांब कामाच्या तासांशी जोडलेले मृत्यू सुमारे ७ लाख ४५ हजार, त्यांत ७२ टक्के पुरुष. वसुलीची माणसं सकाळी शाखेत सही करून निघत आणि रात्री थकबाकीदार घरी सापडेपर्यंत फिरत. त्यांचे तास कुठे लिहिलेलेच नव्हते.

लॉग-आउटच्या वेळांनी मात्र सगळा गुंता उलगडला. कामाची वेळ पावणेसहापर्यंत. काउंटरवरच्या बायका प्रत्यक्षात सात, सव्वासातला लॉग-आउट होत. हे असं का? दिवसाची कॅश जुळल्याशिवाय डे-एंड, म्हणजे त्या दिवसाचा हिशेब बंद, होत नाही, आणि वसुलीची माणसं गोळा केलेली रोकड संध्याकाळी साडेसहानंतर आणून भरत. त्यांचंही चुकत नव्हतं. किराणा दुकानदार, भाजीवाला, टेम्पोवाला हप्ता देतो तो दिवसाचा गल्ला हातात आल्यावरच. दुपारी गेलं तर ‘संध्याकाळी या’ असं ऐकून परतायचं. म्हणजे वसुलीवाला संध्याकाळी शिव्या खाऊन पैसे आणणार, आणि त्याच्यासाठी काउंटरवरची बाई गल्ला उघडा ठेवून बसणार. तिची सहाची एसटी चुकली की पुढची गाडी दीड तासाने. त्या घाईत नोट मोजायला चुकली तर कमी पडलेली रक्कम तिच्या खिशातून जायची.

सात आणि अकरा या दोन विषयांचा धागा हा असा एकाच साडेसहाच्या भरण्यात होता.

कोण कुठे बोलतं

स्त्रियांची बैठक एका दुपारी मुख्य कार्यालयात घेतली. पहिली दहा मिनिटं सोडली तर थांबवणं कठीण झालं. उशिरा घरी पोचल्यावर सासू काही बोलत नाही, स्वयंपाकघरातली भांडी बोलतात, असं एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. पण सगळ्यांत जास्त वेळा आलेली तक्रार उशिराची नव्हती, तर वेळ नक्की नसण्याची होती. रोज साडेसहा म्हणा, आम्ही घरी तशी व्यवस्था लावू. पण पाळणाघराला सहा सांगून सव्वासातला जायचं म्हणजे रोज माफी मागायची. दुसरी गोष्ट कोणी मोठ्याने सांगितली नाही. दोन जुन्या शाखांत स्वच्छतागृह इमारतीतल्या सगळ्या दुकानांना मिळून एकच होतं. त्या शाखांतल्या बायका दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. वैद्यकीय बिलांत लघवीच्या जंतुसंसर्गाची औषधं का दिसतात, ते मग कळलं.

पुरुषांची तशीच बैठक फसली. तासभर विनोद झाले, मंडळाच्या धोरणाची स्तुती झाली, चहा झाला. खरं बोलणं पुढे झालं ते वसुलीच्या फेरीत, मोटारसायकलवर मागे बसल्यावर. समोरासमोर डोळ्यांत बघायचं नसलं की माणूस बोलतो. एकाला मामेभावाच्या घरावर ताब्याची नोटीस लावावी लागली होती. आईने त्यानंतर महिनाभर अबोला धरला. एकाच्या तोंडावर दुकानाचं शटर ओढलं गेलं, तेव्हा शेजारी त्याची मुलगी शिकते त्या शाळेचे शिक्षक उभे होते. संध्याकाळी ‘बसणं’ वाढलं आहे, हे दोघा-तिघांनी स्वतःहून सांगितलं. त्याला ताण म्हणायला मात्र कोणी तयार नव्हतं. ‘डोकं फिरतं’ एवढंच.

फिरलेलं डोकं शाखेत काउंटरवर उतरत असे. वसुलीवाले आरडाओरडा करतात, अशा तक्रारी लैंगिक छळविरोधी कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे आलेल्या होत्या. २०१३ चा हा कायदा दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती मागतो, म्हणून समिती होती. पण नुसता आरडाओरडा तिच्या कक्षेत बसत नव्हता, त्यामुळे तक्रारी ‘नस्तीबद्ध’ झाल्या, म्हणजे फाइलीत बंद झाल्या. बायकांना जायला एवढा एकच दरवाजा होता, आणि तोही चुकीचा. पुरुषांना तेवढाही नव्हता.

आणि ती एकटी शाखाधिकारी. तिचा ताणाचा आकडा बँकेतल्या सगळ्या स्त्रियांत कमी होता, वसुलीतल्या पुरुषांइतकाच. रजा शून्य. रात्री अकरालाही थकबाकीच्या याद्या व्हॉट्सॲपवर पाठवायची. बीपीची गोळी सुरू होती. शाखेत कोणाला माहीत नव्हतं. उलट सोनेतारण विभागातला एक अविवाहित लिपिक घरी अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करायचा. त्याच्या रजा अगदी बायकांसारख्या तुटक आणि आकडाही वरचा. या दोन माणसांनी माझं काम सोपं केलं. बाई अशी असते आणि पुरुष तसा असतो, या स्पष्टीकरणात दोघंही बसत नव्हती. जे काम आणि जी घरची जबाबदारी अंगावर येते, ताण त्यांच्या वळणाने जातो. या बँकेत ती दोन्ही बाई-पुरुष बघून वाटलेली होती, इतकंच.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय तयारच होता: ८ मार्चला महिला सेवकांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा, योगासनं आणि अल्पोपाहार. खर्च कमी, फोटो चांगले. मार्च महिन्यात, तेही वसुलीच्या ऐन धामधुमीत, बायकांना अर्धा दिवस बाहेर काढून परत तेच काम संध्याकाळी करायला लावायचं, याला ताणमुक्ती म्हणावं की काय हा प्रश्नच होता. हा पर्याय बाजूला पडला.

दुसऱ्या पर्यायाला मंडळात सर्वांत जास्त पाठिंबा होता: महिला सेवकांना साडेपाचला घरी सोडायचं. ऐकायला उदार वाटतो. विरोध केला तो त्या स्त्री शाखाधिकारीने. तिचं म्हणणं, आज सवलत दिली की उद्या बढतीच्या वेळी तीच आडवी येते. साडेपाचला जाणारी बाई शाखा कशी सांभाळणार, असं विचारणारे हेच असतील. काउंटरवरच्या काही जणींना तिचा राग आला. तुला मुलं मोठी झाल्यावर सुचतंय, असंही ऐकवलं गेलं. मला तिचं म्हणणं पटलं, पण रागावलेल्यांचंही चुकत नव्हतं. याच चर्चेत मासिक पाळीच्या रजेचा मुद्दा निघाला. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. उलट, अशी सक्ती केली तर बायकांना नोकरीवर घेणंच टाळलं जाईल, अशी भीती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बोलून दाखवली होती. बँकेतल्या बायकांतही सरळ दोन तट पडले, आणि तो मुद्दा तिथेच राहिला.

तिसरा, समुपदेशक नेमायचा. चांगला, पण एकटा अपुरा. शिवाय वसुलीतला कोणी त्या खोलीत जाताना दिसला असता असं वाटत नव्हतं. चौथा, कामाची घडीच बदलायची: रोकड घेण्याची वेळ, कोणी कुठे बसायचं, कोणी फिरायचं. हा सगळ्यांत किचकट आणि तक्रारी ओढवून घेणारा. मंडळाने चौथा स्वीकारला आणि त्याला तिसऱ्याची जोड दिली. तो निर्णय व्हायला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा हिशेब कामी आला: तीन नवे लिपिक शिकवून तयार करायचा खर्च आणि एका अँजिओप्लास्टीचा खर्च त्यांनी एकाच कागदावर मांडला.

काय केलं

दोन शाखांत प्रयोग सुरू झाला. साडेचारनंतर काउंटरवर वसुलीची रोकड घ्यायची नाही. संध्याकाळी जमा होणारे पैसे शक्य तिथे क्यूआरने थेट कर्जखात्यात. रोख असेल तर पावती देऊन सीलबंद पिशवीत, दोघांच्या सह्यांनी, दुहेरी कुलपाच्या पेटीत, आणि दुसऱ्या दिवशी पहिली नोंद तीच. पहिल्याच आठवड्यात अंतर्गत लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला: न नोंदलेली रोकड रात्रभर शाखेत कशी? आक्षेप योग्यच होता. पावतीचा क्रमांक आणि रक्कम त्याच वेळी प्रणालीत टिपून कर्जदाराला संदेश जाईल, अशी सोय झाल्यावर तो मिटला. कर्जदारांना एका दिवसाच्या व्याजाची काळजी. त्यासाठी व्हॅल्यू डेट, म्हणजे व्याजाच्या हिशेबाची तारीख, आदल्या दिवसाची धरली. शाखेत उशिरा थांबावंच लागलं तर एकच जण, पाळीपाळीने, पुरुषही धरून, आणि ते वेळापत्रक महिनाभर आधी भिंतीवर.

दुसरा बदल सक्तीच्या रजेचा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सहकारी बँकांनाही सांगितलं आहे की संवेदनशील जागांवरच्या सेवकांना वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस रजेवर पाठवायचं आणि त्या काळात कामापासून पूर्ण दूर ठेवायचं. हेतू गैरव्यवहार उघडे पडावेत हा. बँकेत तो नियम कॅशियरपुरता आणि कागदापुरता होता. मंडळाने वसुली विभाग आणि शाखाधिकारी संवेदनशील यादीत घातले. नियमाचं मूळ कारण तसंच राहिलं, आणि विश्रांतीसाठी कोणाला ‘मी थकलो’ असं म्हणावं लागलं नाही. पहिला वसुली अधिकारी रजेवर गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा शाखेत फोन आला: हे घरी बसलेत, निलंबित वगैरे केलं नाही ना?

तिसरं, अदलाबदल. ज्या स्त्रियांनी स्वतःहून नावं दिली त्यांना दिवसाच्या वेळी, जोडीने, बँकेच्या गाडीतून वसुलीला पाठवलं. पुरुषांना काउंटरच्या पाळीत घेतलं. एकटं जायचं नाही, हा नियम पुरुषांनाही लावला. शिवीगाळ झाली तर नोंद करायची आणि त्या खात्यावर पुढच्या वेळी दुसरी जोडी जायची. भावकीतलं खातं असेल तर ते न मागता बदलून द्यायचं. हा शेवटचा नियम लिहायला अर्धं पान लागलं. माझ्या मते सगळ्या योजनेतला तोच सर्वांत मोलाचा.

आरोग्य तपासणी सगळ्यांची झाली. अहवाल थेट ज्याच्या-त्याच्या हातात, बँकेला फक्त एकूण बेरजा. रक्तदाब वाढलेला आणि स्वतःला माहीतच नसलेला, असे पुरुष बरेच निघाले. बाहेरच्या समुपदेशकाची वेळ फोनवर घेता येईल अशी सोय केली, आणि सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक पगाराच्या पावतीवर छापला. क्रमांक छापताना शीर्षक ‘मानसिक आरोग्य’ द्यायचं की नको यावर वाद झाला. शेवटी ‘झोप, चिडचिड, व्यसन, घरची काळजी’ असं लिहिलं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशात आत्महत्या केलेल्यांत दर दहांमागे सात पुरुष आहेत, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा. ज्यांच्या प्रश्नावल्या सर्वांत निवांत होत्या, त्यांच्यासाठी शीर्षक सोपं असणं गरजेचं होतं.

स्वच्छतागृहाचं काम सगळ्यांत स्वस्त होतं आणि सगळ्यांत शेवटी झालं. संगणक प्रणाली बदलली, लेखापरीक्षक मानला, पण घरमालक मानेना. एका शाखेत अखेर करार संपण्याची वाट बघून जागाच बदलावी लागली.

परिणाम

वर्षभरात बहुतेक शाखांत लॉग-आउट सहाच्या आसपास आलं. राजीनाम्यांची शाखा स्थिरावली. त्यानंतर एक जण गेली ती नवऱ्याची बदली झाली म्हणून. वसुली पहिल्या तिमाहीत घसरली, तेव्हा योजना गुंडाळायची भाषा झाली. मार्चअखेर ती आदल्या वर्षाच्या पातळीला आली. ती या बदलांमुळे आली की त्या वर्षी ऊस आणि दूध दोन्हींचे पैसे वेळेवर मिळाले म्हणून, हे वेगळं काढता येत नाही.

दुसरी पाहणी निनावी घेतली, बंद पेटीत. स्त्रियांची सरासरी उतरली. पुरुषांची वाढली, वसुली विभागाची तर चांगलीच. मंडळात खळबळ: एवढा खर्च करून पुरुषांचा ताण वाढवला का? नाव काढून टाकल्यावर खरी उत्तरं आली, हे एक कारण उघड होतं. काउंटरची पाळी, दोन जोड्यांत वाटलेली खाती, मोडलेली सवय, यांचा खरा त्रासही त्यात असणार. पण समुपदेशकाला आलेल्या फोनांत वसुलीतल्या पुरुषांचं प्रमाण वाढत होतं, एवढं समुपदेशकाने नावं न सांगता कळवलं. मंडळाने योजना चालू ठेवली, मतं विभागलेली असताना.

काउंटरवर गेलेल्या एका पुरुष सेवकाची कॅश दोनदा कमी आली. त्यानंतर कमी पडलेली रक्कम सेवकाच्या खिशातून न घेता ठराविक मर्यादेपर्यंत बँकेने सोसायची, असा ठराव झाला. बायकांच्या खिशातून ती वर्षानुवर्षं जात होती तेव्हा असा ठराव कोणी आणला नव्हता. वसुलीला गेलेल्यांपैकी एका लिपिकाने कर्ज विभागात बदली मागितली आणि ती मिळाली. हृदयविकारातून उठलेले अधिकारी कर्जाच्या कागदपत्रांच्या टेबलावर आले. तब्येत सुधारली, पण आपली पदावनती झाली असं ते आजही समजतात. स्त्री शाखाधिकारी सक्तीच्या रजेवर गेली ती लेखी निषेध नोंदवून.

निर्णयाच्या जागा

सुरुवातीलाच विषयाचं शीर्षक बदलायला हवं होतं. ‘महिला सेवकांमधील ताण’ असं लिहिल्यामुळे पाहणी, चर्चा आणि पर्याय सगळे त्याच चाकोरीतून गेले, आणि साडेसहाचा भरणा दिसायला दोन महिने जादा लागले. रजा, वैद्यकीय बिलं आणि लॉग-आउट या तीन नोंदी बँकेकडे आधीपासून होत्या. प्रश्नावली वाटण्याआधी त्या एकत्र ठेवल्या असत्या, तर प्रश्नावलीत काय विचारायचं हेही कळलं असतं.

पहिली पाहणी नावानिशी घेतल्याची किंमत पुढेही मोजावी लागली. दोन पाहण्यांची तुलनाच होऊ शकत नाही. पुरुषांचा आकडा किती वाढला आणि किती उघडा पडला, याचं उत्तर आता मिळणार नाही.

साडेपाचच्या सवलतीला नकार देणं मला आजही बरोबर वाटतं, पण तो निर्णय सांगण्याची पद्धत वाईट होती. मुख्य कार्यालयातून परिपत्रक गेलं, आणि एका बाईच्या विरोधामुळे सवलत गेली अशी कुजबुज झाली. तिच्याशी काउंटरवरच्या काही जणी अजून तुटक वागतात. नक्की वेळेची हमी त्याच परिपत्रकात, त्याच दिवशी दिली असती, तर हे टळलं असतं. ती तीन महिन्यांनी आली.

आजारी अधिकाऱ्याची बदली त्यांना विचारून, पदनाम आणि भत्ता कायम ठेवून करता आली असती. भत्ता गेला तो फिरतीचा होता, नियमाने जाणारच; पण गावात त्याचा अर्थ वेगळा लागतो, हे प्रशासन विभागाला माहीत असायला हवं होतं.

आरडाओरड्याच्या तक्रारींना अजूनही नीट दरवाजा नाही. एक तक्रार निवारण समिती कागदावर आहे, तिच्यावर वसुलीप्रमुखच सदस्य आहेत.

सर्वांत मोठी उरलेली अडचण मार्चची. मंडळाने मार्चच्या शेवटच्या पंधरा दिवसांपुरती साडेचारची मर्यादा स्थगित ठेवली, आणि तीही ऐन पंधरवड्याच्या तोंडावर. पाळणाघरं, एसटी, घरच्या व्यवस्था पुन्हा कोलमडल्या. वसुलीतली माणसं पुन्हा रात्री दहापर्यंत फिरली. स्थगिती द्यायचीच असेल तर तिचं वेळापत्रक एक फेब्रुवारीलाच शाखेत लावावं, त्या पंधरवड्यापुरते निवृत्त कॅशियर मानधनावर घ्यावेत आणि एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत वसुलीतल्या प्रत्येकाला बदली रजा द्यावी, असं टिपण प्रशासन विभागाने ठेवलं आहे. कॅशियरच्या मानधनाची तरतूद कुठल्या खात्यातून करायची यावर एकमत न झाल्याने ते पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे.